वाडीची पोथी आणि तिच्यातील कानडी पदे

सदलग्याहून नृसिंहवाडी एका सकाळीत जाऊन येण्याइतकी जवळ. मध्ये राज्याची सीमा लागते, ती १९५६ सालची. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील पादुका मात्र काही शतकांच्या. पावसाळ्यात पुराचे पाणी पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले, की स्नानाला दोन्हीकडची माणसे लोटतात आणि घाटावर कानडी बोल सहज कानी पडतात. तरीही गुरुचरित्राला आम्ही सीमाभागातील जुनी मराठी घरे ‘आपली पोथी’ म्हणतो. हे आपलेपण कशाने सिद्ध होते?

नृसिंह सरस्वती (साधारणतः १३७८ ते १४५८) वऱ्हाडातील कारंज्याचे. वाडीत बारा वर्षे राहून ते गाणगापुरास गेले, अशी परंपरा आहे. त्यांचे शिष्य सायंदेव कडगंचीचे, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. त्यांच्याच वंशात ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर झाले. त्यांची मायबोली कानडी. मराठी भाषा आपणांस येत नाही, असे त्यांनी ग्रंथातच सांगितले आहे. अशा माणसाने हजारो मराठी ओव्या रचल्या! शिवाय सायंदेवांनी गुरूंची केलेली कानडी स्तुती त्यांनी पोथीत तशीच ठेवली. देवनागरीत त्या पदांची रूपे विस्कटली आहेत, आणि सप्ताहात वाचणारे बहुतेकजण ती मंत्रासारखी म्हणून पुढे जातात. अर्थ जाणणारा शेजारी भिंतीपलीकडेच असतो.

आमची नातवंडे आज कानडी शाळेत शिकतात. त्यांची मराठी अडखळते आणि घरातील वडीलधारे त्यावरून बोल लावतात. जन्मापासूनची अस्खलित भाषा हीच कसोटी धरली, तर पोथीचा कर्ताच बाहेर राहतो. कोणी म्हणेल, मग मराठीचा आग्रह तरी कशाला? हे आम्हांस मान्य नाही. सरस्वती गंगाधरांना कानडीत लिहिणे सोपे गेले असते. त्यांनी अवघड वाट धरली, तीही स्वतःची भाषा न टाकता. आमच्या मते या पोथीवरील हक्क वारशाने येत नाही. तो प्रत्येक पिढीला श्रमाने मिळवावा लागतो, आणि श्रम करणाऱ्याला चुकण्याची मुभा द्यावी लागते.

दत्तजयंतीच्या सप्ताहात शेजारच्या कानडी आजोबांना सोप्यावर बोलवावे. पदांचा अर्थ ते सांगतील. ओव्यांचा अर्थ नातवाने त्यांना सांगावा, अर्ध्या कानडीत का होईना.