सॅकमधली बाटली आणि डोंगर नावाचा गुरू

आजचं चिंतन श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या सातव्या अध्यायावर. भगवंत उद्धवाला यदुराजा आणि अवधूताची गोष्ट सांगतात. यदू विचारतो, जवळ काही नसताना तू इतका आनंदात कसा? अवधूत म्हणतो, मी 24 गुरू केले. त्यातली पहिली पृथ्वी. आणि पृथ्वीवरचा डोंगर काय शिकवतो? त्याच्याकडे जे आहे ते सगळं दुसऱ्यांसाठी आहे. पाणी, गवत, लाकूड, सावली, यातलं तो स्वतःसाठी काही ठेवत नाही.

हे मी अनेकदा वाचलंय, सत्संगात त्यावर बोललोयसुद्धा. गेल्या रविवारी मात्र त्याच डोंगरावर माझी परीक्षा झाली, आणि मी नापास झालो.

आम्ही पाच मित्र शनिवारी जुन्नरहून घाटघरला गेलो. नाणेघाटाजवळच्या पठारावर तंबू लावले. कोकणातून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाणारी ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. तिथे कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्नर भागातल्या लेण्यांमधल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. लोकांनी ती दान म्हणून खोदून दिली. जो कधी भेटणार नाही त्याच्या तहानेची सोय! रात्री शेकोटीपाशी हे सगळं मीच मित्रांना रंगवून सांगितलं.

सकाळी कल्याण दरवाजाने जीवधन चढलो. वर धान्यकोठी पाहिली, वानरलिंगी सुळक्याचे फोटो काढले, त्यात उशीर झाला. जुन्नर दरवाजाने उतरताना ऊन चांगलंच तापलं. एका मित्राचं पाणी संपलं होतं आणि त्याच्या पोटरीत गोळे यायला लागले. त्याने विचारलं, “कुणाकडे पाणी आहे का रे?”

माझ्या सॅकमध्ये आतल्या बाजूला एक लिटरची भरलेली बाटली होती. मी म्हणालो, “नाही रे, संपलं.”

विचार करून बोललो नाही. तोंडातून निघूनच गेलं. म्हणूनच ते जास्त लागलं. ठरवून बोलताना आपण चांगले असतोच, पण न ठरवता जे बाहेर येतं ते आपलं खरं रूप.

खाली घाटघरात एका घराच्या ओट्यावर बसलो. घरातल्या मावशींनी न मागता तांब्या-भांडं आणून ठेवलं. इकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण उन्हाळ्यात विहीर आटली की लांबून डोक्यावर हंडे आणावे लागतात, असं त्याच सांगत होत्या. सांगता सांगता म्हणाल्या, “बाटल्या द्या पोरांनो, भरून देते. पुढं लांब जायचंय तुम्हाला.”

सगळ्यांनी रिकाम्या बाटल्या पुढे केल्या. मावशी माझ्याकडे वळल्या, “आन् तुझी रं?”

काढावी लागली. भरलेली. सगळ्यांनी पाहिली. मावशी सहज म्हणाल्या, “तुझी तर भरलेलीच हाय की!” बाकी कुणी काही बोललं नाही.

तेव्हा मला पैठणचे नाथमहाराज आठवले. ह्याच अकराव्या स्कंधावर ज्यांनी ‘एकनाथी भागवत’ लिहिलं ते. रामेश्वराला वाहायला कावडीतून नेलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे देवासाठी राखलेलं पाणी गाढवाला मिळालं. इथे माझ्या मित्राला माझं साधं बिसलेरीचं पाणी मिळालं नाही.

परतताना नारायणगावला चहासाठी थांबलो, तेव्हा त्या मित्राला बाजूला घेऊन माफी मागितली. तो हसला. म्हणाला, “अरे, उतरताना तुझ्या सॅकमधून पाण्याचा आवाज येत होता. म्हटलं असू दे, तुला पुढे लागेल.”

म्हणजे त्याला माहीत होतं! पाय धरलेला असतानाही तो गप्प राहिला. अवधूताला 24 गुरू भेटले, मला एका दिवसात दोन भेटले. एक ओट्यावर, एक माझ्याच गाडीत.

आपण पगार साठवतो, सुट्ट्या साठवतो, वेळ साठवतो. ‘पुढे लागेल’ ही भीती काही खोटी नसते. पण त्या भीतीपायी समोरच्याला ‘नाही’ म्हणताना आपण खोटं बोलतो, आणि त्याच क्षणी देवावरचा भरवसा सुटलेला असतो. डोंगराला पुढची चिंता नाही. पाऊस पाठवणारा कुणीतरी आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे.

आजची साधना छोटीशी: आज कुणी काही मागितलं, तर ‘नाही’ म्हणण्याआधी एकदा आपली सॅक उघडून बघायची.

राम कृष्ण हरी!