गूढ पंथांचा इतिहास आणि आप्तवाक्याची कसोटी

मध्ययुगातील एखादा धर्मसंघ दडपला गेला, त्याचे आचार बाहेरच्यांना अपरिचित राहिले आणि त्याच्या प्रमुखाचा शेवट वादग्रस्त ठरला, की त्याच्याभोवती दोन तऱ्हेचे लेखन साचू लागते. एका तऱ्हेत हाती असलेल्या पुराव्याने जेवढे बोलता येते तेवढेच बोललेले असते. दुसरीत प्रस्थापित इतिहासकारांनी दडवलेले सत्य उघड करीत असल्याचा दावा असतो आणि अशा लेखनाला हल्ली पर्यायी इतिहास म्हटले जाते. या दुसऱ्या तऱ्हेच्या ग्रंथावर विश्वास ठेवावा की नाही, आणि ठेवायचा तर कशाच्या बळावर, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपरीक्षणाचा वाटतो. परंतु तो मुळात प्रमाणाचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनाने मिळते याचा प्रश्न आहे. ज्यांची श्रद्धा त्या पंथाशी जोडलेली आहे त्यांच्यासाठी तर तो धर्माचाही प्रश्न ठरतो, कारण आपल्या गुरूविषयी असत्य मानणे हे गुरूविषयी असत्य बोलण्यापासून फार दूर नसते.

युरोपातील टेम्पलर हा योद्धा-संन्याशांचा संघ या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध आहे. इ.स. १११९च्या सुमारास जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या रक्षणासाठी तो उभा राहिला. त्याचे सभासद ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेत आणि शस्त्रही बाळगीत. ११२९मध्ये त्र्वा येथील धर्मपरिषदेने त्यांना मान्यता दिली, पुढे त्यांच्याकडे मोठी मालमत्ता जमली, आणि १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने आपल्या राज्यातील टेम्पलरांना एकाच दिवशी पकडले. १३१२मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने संघ विसर्जित केला आणि १३१४मध्ये अखेरचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले. अटकेनंतर झालेल्या चौकशीत अनेकांनी येशूचा अव्हेर केल्याची, कोणा मस्तकाची पूजा केल्याची कबुली दिली. ती कबुली लिखित आहे, तिच्यावर तारीख आहे, ती समकालीनही आहे. तरीही तिच्यातील बराच भाग यातना देऊन वदवून घेतलेला असल्यामुळे तिच्यावरून टेम्पलरांचे खरे आचरण ठरवता येत नाही. कागद जुना असणे आणि तो विश्वसनीय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल. पर्यायी इतिहासाचे बहुतेक लेखक मात्र याच कबुलीजबाबांतून आपली सामग्री उचलतात, आणि वैऱ्यांनी रचलेला आरोप हाच संघाच्या गुप्त विद्येचा पुरावा म्हणून वाचकापुढे येतो.

१९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ या इंग्रजी ग्रंथाने टेम्पलरांच्या पाठीशी ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची शतकानुशतके चालत आलेली गुप्त संस्था असल्याचे मांडले आणि पुढे त्याच कल्पनांचा आधार घेतलेली एक कादंबरी जगभर खपली. प्रत्यक्षात या नावाची संस्था १९५६मध्ये फ्रान्समध्ये प्येर प्लांतार आणि त्याच्या साथीदारांनी नोंदवली होती, आणि तिची प्राचीन परंपरा सांगणारे कागद १९६०च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवण्यात आले होते. ग्रंथालयाचा क्रमांक मिळाल्यामुळे त्या कागदांना प्रतिष्ठा आली. ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणत्या हातांतून तेथे पोचले हे विचारल्याबरोबर ती गळून पडली. याच्या उलट, व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात २००१मध्ये बार्बरा फ्राले या संशोधिकेच्या हाती लागलेले शिनोंचे चर्मपत्र १३०८चे आहे, पोपच्या प्रतिनिधींनी संघाच्या प्रमुखांची चौकशी करून त्यांना पापमुक्ती दिल्याची नोंद त्यात आहे, आणि त्या नोंदीने टेम्पलरांभोवतीचे गूढ वाढले नाही, कमी झाले. खऱ्या शोधाची ही एक लक्षणीय खूण मानता येईल.

भारतीय तर्कशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. न्यायदर्शनात शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान, स्वतंत्र प्रमाण मानले आहे. मात्र सांगणारा आप्त असावा अशी अट घातली आहे. आप्त कोण, याचे स्पष्टीकरण करताना भाष्यकार वात्स्यायन तीन गोष्टी पाहतो: सांगणाऱ्याने ती वस्तू स्वतः प्रत्यक्ष जाणलेली असावी, जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळवावी अशी त्याची इच्छा असावी, आणि या इच्छेनेच तो बोलण्यास प्रवृत्त झालेला असावा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो बजावतो. म्हणजे वक्त्याचे कूळ, वेष किंवा पंथातील अधिकार यांवरून त्याचे वाक्य प्रमाण ठरत नाही. न्यायसूत्रांत ऐतिह्याचाही, म्हणजे मूळ वक्ता कोण हे न सांगता ‘असे म्हणतात’ एवढ्यावर चालत आलेल्या परंपरेचाही विचार आहे आणि तिला शब्दाहून निराळे प्रमाण मानण्याचे नाकारले आहे. अशा परंपरेला जे काही बळ असेल ते तिच्या मुळाशी कोणी आप्त होता की नाही यावरच अवलंबून राहते. पर्यायी इतिहासाचे बहुतांश साहित्य नेमके या ऐतिह्याच्या कोटीत मोडते, फक्त त्याला तळटीपांचा पोशाख चढवलेला असतो.

खानदेशातील वाचकाला या कसोटीचा उपयोग करून पाहण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. भडगाव तालुक्यातील कनाशीसारखी महानुभावांची स्थाने जळगाव जिल्ह्यात आहेत, आणि महानुभाव पंथाचा इतिहास टेम्पलरांच्या इतिहासाशी काही बाबतींत विलक्षण जुळतो, जरी एक संघ शस्त्रधारी आणि दुसरा कडकडीत अहिंसेचा होता. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे कार्य तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, यादवांच्या राज्यातले. राजसत्तेतील आणि धर्मसत्तेतील बलिष्ठांशी त्यांचा विरोध झाला. आणि त्यांच्या अनुयायांनी पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले, त्यामुळे बाहेरच्या जगाला पिढ्यान् पिढ्या त्यांतील मजकूर कळला नाही. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक काहीही बोलतात, आणि तसेच झाले. कृष्णभट नावाच्या कोणा व्यक्तीला पंथाचा संस्थापक ठरवणारी, निंदेने भरलेली एक कथा लोकांत पसरली आणि ब्रिटिश काळातील जातिवर्णनपर ग्रंथांनी ती छापून तिला कायमचे रूप दिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, वि. ल. भावे आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या अभ्यासकांनी लिपीची किल्ली मिळवून पोथ्या वाचल्या, तेव्हा गुप्त दुराचाराचा मागमूसही न सापडता मराठी गद्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत सजीव साठा हाती आला. सांकेतिक लिपीआड भयंकर रहस्य असलेच पाहिजे, ही पर्यायी इतिहासाची आवडती धारणा या एका उदाहरणाने पुरती खोडली जाते.

त्या साठ्यातील ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ साक्षीच्या विचारात फार महत्त्वाचा आहे. स्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पडताळून घेतल्या. पंथातील परंपरेनुसार मूळ प्रत यादव राज्यावर आलेल्या आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. अशा वेळी साधारण चरित्रकाराने सर्व आठवणींचा एकजीव करून एकच अखंड कथा दिली असती. महानुभाव लेखकांनी तसे केले नाही; एखाद्या प्रसंगाची दुसऱ्या कोणाला वेगळी आठवण असेल तर ती ‘वासना’ म्हणून, म्हणजे स्मरणभेद म्हणून, आणि पुष्कळदा आठवणाऱ्याच्या नावासह नोंदवली. ज्यांच्या दृष्टीने चक्रधर साक्षात परमेश्वराचे अवतार होते, त्यांनीच त्यांच्या एका वाक्याच्या दोन आठवणी शेजारी ठेवाव्यात आणि निवडीचा मोह टाळावा, ही मराठी वाङ्मयातील अत्यंत अभिमानाची गोष्ट आहे आणि तिचे महत्त्व अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. अपार श्रद्धा आणि साक्षीविषयीची काटेकोर दक्षता एकत्र नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. ज्या ग्रंथात मतभेदाची एकही नोंद नाही, जेथे प्रत्येक धागा दुसऱ्या धाग्याशी अचूक जुळतो, तो ग्रंथ या मापाने कमी विश्वसनीय ठरतो.

याचा अर्थ ‘लीळाचरित्रा’तील प्रत्येक विधान ऐतिहासिक घटना म्हणून स्वीकारावे असा होत नाही. गुजरातेतील प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मृत झाल्यावर द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी त्याच्या देहात प्रवेश केला आणि तोच देह पुढे चक्रधर म्हणून वावरला, असे पंथ मानतो. चक्रधरांच्या निकटच्या मंडळींत हा विश्वास रुजलेला होता, हे इतिहासाला सांगता येते. परकायाप्रवेश घडला की नाही, याचा निर्णय देण्याचे साधन इतिहासापाशी नाही आणि तसा आव त्याने आणूही नये. या दोन विधानांतील सीमा पुसून टाकणे हा पर्यायी इतिहासाचा नेहमीचा दोष आहे, मग तो चमत्कार खरा ठरवण्यासाठी असो वा खोटा ठरवण्यासाठी.

चांगदेव हे नाव खानदेशात आणखी एका गोंधळाचे कारण झालेले आहे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचेच गाव आहे, तेथे मध्ययुगीन दगडी मंदिर आहे, आणि चौदाशे वर्षे जगलेल्या व मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करलेल्या योग्याची आठवण त्या स्थानाशी जोडलेली आहे. ज्ञानदेवांची ‘चांगदेव पासष्टी’ ज्यांना उद्देशून आहे ते हेच. त्यांची समाधी मात्र गोदावरीकाठी पुणतांब्याला दाखवली जाते, आणि ‘तत्त्वसार’ या त्यांच्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या अखेरीस चांगा वटेश्वरांचे नाव, हरिश्चंद्र पर्वत आणि शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२, असा स्थलकालाचा निर्देश येतो. महानुभावांचे चांगदेव राऊळ हे यांच्याहून निराळे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात तिसराच चांगदेव भेटतो: तो गणिती भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी असून, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी दिलेल्या दानाची नोंद शके ११२८च्या त्या लेखात आहे, आणि तिचा काही भाग जुन्या मराठीत आहे. चौदाशे वर्षांचे आयुष्य अक्षरशः मानले की हे तिघे एकच करता येतात, आणि मग ज्योतिष, योग आणि महानुभाव तत्त्वज्ञान यांना जोडणाऱ्या एखाद्या गुप्त परंपरेचा ग्रंथ सहज लिहिता येतो. टेम्पलरांविषयीचे अनेक ग्रंथ नामसादृश्याच्या याच वाटेने गेलेले आहेत. पाटणचा लेख या वाटेवर अडसर म्हणून उभा राहतो, कारण त्यात माणसाचे कूळ, त्याचा आश्रयदाता आणि काळ ही तिन्ही एकत्र दिलेली आहेत.

धुळ्याने या शिस्तीला दिलेले योगदान वेगळे सांगितले पाहिजे. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध करताना बखरीपेक्षा अस्सल पत्राला अग्रस्थान दिले. १९२६च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी कागद आणि हस्तलिखिते मिळवली, ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. देव स्वतः निष्ठावंत समर्थभक्त होते, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांनी मूळ कागद जपून अभ्यासकांना उपलब्ध केले. समर्थ रामदास आणि शिवछत्रपती यांची पहिली भेट शके १५७१मध्ये झाली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. शके १५९४च्या एका पत्रातील उल्लेखावरून ती फार नंतरची ठरवण्याकडे काहींचा कल आहे. समर्थांच्या निर्वाणानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली हनुमंतस्वामींची बखर या वादात किती जमेस धरावी, पत्राची अस्सलता कशी पारखावी, यांवर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे. वाद मिटलेला नसला तरी तो कोणत्या कागदांवर चालला आहे हे वाचकाला ठाऊक असते आणि ते कागद त्याला मागता येतात. पर्यायी इतिहास याच ठिकाणी कमी पडतो. त्याचा आधार बहुधा हरवलेला, जाळलेला किंवा कोणीतरी दडवलेला असतो, आणि पुराव्याचा अभाव हाच कटाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

या दृष्टीने चक्रधरस्वामींच्या शेवटाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १२७४च्या सुमारास ते उत्तरापंथे गेले आणि आजही विद्यमान आहेत, ही पंथाची श्रद्धा आहे. काही पोथ्यांत मात्र त्याआधी त्यांचा शिरच्छेद करण्यात आल्याचे आणि योगबळाने देह पुन्हा जुळल्याचे वर्णन येते. हा भाग मुळातला की मागाहून आलेला, आणि त्यात यादव दरबाराचा व यादवांचा मंत्री हेमाद्री याचा वाटा किती, यावर अभ्यासकांत आणि पंथीयांत तीव्र मतभेद आहेत. राजाश्रित पंडितांच्या कटाची सुसंगत कथा रचून या प्रश्नाचा निकाल लावणे सोपे आहे आणि ती वाचनीयही होईल. पण प्रश्न प्रत्यक्षात पोथ्यांच्या वंशावळीचा आहे: कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, कोणत्या आम्नायात, म्हणजे पंथाच्या कोणत्या शाखेत ती वाचली गेली, आणि शिरच्छेदाचा मजकूर पहिल्यांदा कोठे दिसतो. ती वंशावळ लावण्यासाठी मठांत आणि घराण्यांत वस्त्रांत बांधून ठेवलेल्या, आजवर न तपासलेल्या पोथ्या उघडाव्या लागतील, आणि त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांचा विश्वास आधी मिळवावा लागेल.