पाठीवरची कवटी

एखाद्या जीवाच्या अंगावरील खुणेत आपल्याला आपल्या ओळखीचे काही दिसले, एवढ्यावरून त्या जीवाला दोषी ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय? प्रश्न असा मांडला म्हणजे उत्तर सोपे वाटते. सभेत कोणी विचारला असता तर आम्हीही तत्काळ ‘नाही’ म्हणून मोकळे झालो असतो. परंतु हाच प्रश्न एकदा रात्री अकराच्या सुमारास, भिलाईच्या सेक्टर ६ मधील आमच्या क्वार्टरमध्ये, आजाऱ्याच्या खाटेवरच्या भिंतीवर येऊन बसला होता. आणि त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर निराळे होते.

गोष्ट १९८६ सालच्या भाद्रपदातली. पितृपक्ष चालू होता. मातोश्रींना विषमज्वर होऊन अकरा दिवस झाले होते आणि ताप उतरण्याचे चिन्ह दिसत नव्हते. दिवसभर पाऊस पडून गेल्यावर उकाडा झाला म्हणून खिडकी उघडली, तोच एक भले मोठे पाखरू आत शिरले, दिव्याभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन भिंतीला चिकटले आणि निश्चल झाले. जागरणासाठी शेजारच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी दिव्याच्या उजेडात त्याची पाठ पाहिली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. पंखांच्या मुळाशी, मानेच्या खाली, फिकट पिवळ्या रंगात मनुष्याची कवटी स्पष्ट दिसत होती. डोळ्यांच्या दोन खोबणींसकट. “अरे, हे साधे पाखरू नव्हे,” मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. “नुसते हाकलू नकोस, परत येईल.” आम्ही केरसुणी घेतली. पहिल्या फटक्याला ते खाली पडले आणि किंचाळले. होय, किंचाळले, पाखरू ओरडते हे आम्ही तोवर ऐकले नव्हते. दुसऱ्या फटक्याला आवाज थांबला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी औषध बदलले होते, हे आम्हाला ठाऊक होते. पण आळीत यश मिळाले ते केरसुणीला. मातोश्री स्वतः ती हकिगत पुढे कित्येक वर्षे रंगवून सांगत असत, आणि आम्ही ती कधी खोडून काढली नाही. बऱ्या झालेल्या आईचा विरस कशाला करावा, असे आम्ही स्वतःला सांगत आलो. खरे कारण एवढे सोज्ज्वळ नव्हते. खोडून काढावी इतका विश्वास आमचाच आमच्यावर नव्हता.

याची लाज अधिक वाटते ती आमच्या गावामुळे. भिलाई हे काही जुन्या पिंपळांचे आणि वेताळांचे गाव नव्हे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली ती हिशेबाच्या आणि यंत्राच्या आधारावर नवे जग उभारण्यासाठी. आम्ही स्वतः त्याच कारखान्यात चाकरी केली. भट्टीची उष्णता किती, हे मापकाचा आकडा पाहिल्यावाचून आम्ही कधी बोललो नाही. असे आम्ही, रात्री घरी एका मुक्या जीवाची शिक्षा त्याच्या पाठीवर वाचून मोकळे झालो.

हा जीव कोण, याचा शोध आम्ही लावला तो पुष्कळ उशिरा, आणि अपराध्याने मयताची चौकशी करावी तसा. इंग्रजीत ज्याला ‘हॉकमॉथ’, म्हणजे ससाणा-पतंग, म्हणतात त्या कुळातला हा पतंग. भरदार अंग, लांबट निमुळते पंख आणि जबरदस्त उड्डाण ही या कुळाची लक्षणे. त्यांपैकी कवटी वागविणाऱ्या जाती तीनच. अ‍ॅट्रोपॉस ही आफ्रिकेत आणि युरोपात आढळते. लॅकेसिस आणि स्टिक्स या दोघी आशियातल्या, आणि दोन्ही आपल्या देशात आहेत. आमच्याकडे आला तो बहुधा स्टिक्स. पंख पसरले म्हणजे चार इंचांच्या आसपास भरतात; मागचे पंख पिवळे, त्यांवर दोन काळसर पट्टे. याची अळी बोटाएवढी जाड, हिरवी किंवा पिवळी, कुशींवर तिरप्या रेघा आणि शेपटीकडे एक वाकडे खरबरीत शिंग. वांगी, धोतरा, घाणेरी, असा पुष्कळ झाडांचा पाला ती खाते; परंतु शेतकीच्या पुस्तकांत तिची मुख्य नोंद आहे ती तिळावरील कीड म्हणून.

येथे आम्ही थोडे थबकलो. त्या रात्री घरात पितरांसाठी तीळ आणून ठेवलेले होते. ज्या झाडाचे दाणे आपण पाण्याबरोबर मेलेल्यांना देतो आणि संक्रांतीला गुळाबरोबर जिवंतांना देतो, त्याच झाडाचा पाला खाऊन हा कवटीवाला जीव वाढतो! मावशींना हे ठाऊक असते तर त्यांनी याचाही अर्थ लावला असता. आम्ही लावीत नाही. पण लावण्याचा मोह किती सहज होतो, हे लिहिताना हातालाच कळते.

आणि मावशी एकट्या नव्हत्या. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली युरोपातल्या जातीला अ‍ॅट्रोपॉस हे नाव दिले. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणारी ती अ‍ॅट्रोपॉस. तो मोजणारी लॅकेसिस. आणि स्टिक्स ही मृतांच्या राज्याची नदी, आपल्या वैतरणीसारखी. या तिघींच्या घराण्याला जे नाव आहे तेही त्याच पाताळातल्या दुसऱ्या एका नदीवरून आलेले. सृष्टीची शिस्तशीर वर्गवारी करायला बसलेल्या विद्वानांनीही हा पतंग हाती येताच स्मशानाची भाषा सुरू केली. १९९१ साली निघालेल्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ या चित्रपटाने त्याला खुनांच्या कथेत गोवले आणि त्याची कीर्ती, म्हणजे अपकीर्ती, जगभर नेली. मात्र जपानी लोकांनी स्टिक्सला दिलेले नाव ‘मेंगाता-सुझुमे’. मेंगाता म्हणजे मुखवट्याच्या आकाराचा. तीच पाठ, तेच पिवळे खवले. एकाला प्रेत दिसले, दुसऱ्याला नाटकातला मुखवटा. कवटी पतंगाच्या पाठीवर असती तर ती दोघांनाही दिसायला हवी होती.

त्या किंकाळीचे मर्मही कळण्यासारखे आहे. या पतंगाची सोंड इतर ससाणा-पतंगांसारखी लांबलचक नसून आखूड आणि बळकट असते. घशाच्या पोकळीत तो हवा ओढून घेतो, तेव्हा तेथला एक पातळ पडदा थरथरतो आणि करकर उमटते; मग हवा बाहेर सोडताना शीळ निघते. जर्मनीतल्या संशोधकांनी अ‍ॅट्रोपॉसवर काम करून २०१५ साली ही रीत तपशीलवार मांडली. बाजाच्या पेटीचा भाता आणि ही किंकाळी यांत तत्त्वतः फरक नाही. जिवावर बेतले म्हणजे तो असा ओरडतो. आम्ही मात्र त्या ओरडण्यालाच त्याच्या दुष्टपणाचा पुरावा मानले होते. मार खाणारा ओरडला म्हणून तो अपराधी, हा न्याय जगात इतरत्रही चालतो.

आखूड सोंडेचा उपयोग चोरीसाठी होतो. ही चोरी नाकारण्याचे कारण नाही. कवटीवाले पतंग रात्री मधमाश्यांच्या पोळ्यांत शिरतात, मेणाच्या कोठड्या सोंडेने फोडतात आणि मध पितात. आपल्याकडच्या सातेरी माश्यांची पोळीही त्यांतून सुटत नाहीत. हजारो नांग्या असलेल्या घरात हा धटिंगण जिवंत राहतो कसा? अ‍ॅट्रोपॉसच्या अंगावर अशी द्रव्ये सापडली आहेत की जी मधमाश्यांच्या अंगावरील द्रव्यांशी जुळतात. हा शोध १९९१ सालचा. अंधारात मुखवटे कोण पाहतो? पोळ्याचे पहारेकरी माणूस ओळखतात, म्हणजे माशी ओळखतात, ती वासावरून. आणि वास आपलाच, तेव्हा आत येणारा आपलाच, असे धरून चालतात. म्हणजे फसतात. आम्ही डोळ्याने फसलो, माश्या नाकाने फसतात. फरक एवढाच की माश्या परक्याला आपला समजून फसतात, आणि आम्ही ज्याच्याशी आमचे काही देणेघेणे नाही त्याला वैरी समजून फसलो. दोहोंपैकी कोणती चूक बरी, याचा निवाडा करायचा झाला तर आमचे मत माश्यांच्या बाजूने पडेल.

चोर आहे म्हणून मारला, असे म्हणावे तर तेही खरे नव्हे. मधाची चोरी माणसाइतकी कोणी केली आहे? तिळाच्या शेतात फिरून अळ्या वेचून मारणारा शेतकरी निराळा. त्याचे आणि अळीचे भांडण खरे आहे. ते एका पानावरचे, एका घासाचे भांडण आहे. तो तिला अशुभ म्हणत नाही, कीड म्हणतो. त्या मारण्यात दुःख असेल, खोटेपणा नाही. आमच्या मारण्यात मात्र घास नव्हता. भय होते, आणि ते भय आम्ही आमच्या आत शोधण्याऐवजी भिंतीवर शोधले. आई जाईल की काय, ही धास्ती अकरा दिवस घरभर फिरत होती. तिला बसायला एक पाठ सापडली.

उलट बाजूचे एक उदाहरण आठवते. मे १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सॅं-रेमी येथील मनोरुग्णालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉग राहत होता. तेथे त्याला एक मोठा पतंग दिसला. हा कवटीचा पतंग, असे त्याने भाऊ थिओला कळविले, आणि लिहिले की रंगवायचा तर त्याला मारावे लागले असते, पण इतक्या सुंदर जीवाला मारणे वाईट झाले असते. त्याने त्याचे रेखाटन केले. चित्रही पुढे केले. गंमत अशी की तो कवटीचा पतंग नव्हताच. जाणकारांनी चित्रावरून ओळखले आहे की तो पंखांवर डोळे असलेला मयूर-पतंग होय. नावाने मृत्यू, रूपाने देखणा. त्या दुःखी माणसाने नाव बाजूला ठेवले आणि रूप पाहिले.

हे वाचून प्रथम आमचे मन भरून आले. मग एक शंका डाचू लागली, ती अजून गेलेली नाही. सुंदर होता म्हणून वाचला. सुंदर नसता तर? दया जर रूप पाहून येत असेल तर तिच्यात आणि आमच्या केरसुणीत दिशेचा फरक आहे, जातीचा नाही. दोन्ही निवाडे वरच्या कातडीवर झाले. व्हॅन गॉगच्या हृदयाबद्दल आम्ही वेडेवाकडे बोलणार नाही. कोणत्याही कारणाने न मारणे हे मारण्यापेक्षा चांगलेच. पण त्या दयेवर विसंबून राहता येत नाही, एवढे म्हणावेसे वाटते. वरच्या रंगाला भुलू नये हे ज्यांनी मराठीत सांगितले ते चोखोबा तर स्वतः एका खुणेचे बळी होते, आणि ती खूण त्यांच्या अंगावरही नव्हती, पाहणाऱ्यांच्या मनात होती. त्यांनी आपले रूप सुंदर आहे असा दावा केला नाही. त्यांनी रूप पाहण्याची रीतच नाकारली. सौंदर्याच्या पुण्याईवर सुटका मागणे आणि सौंदर्य हा निकषच अमान्य करणे, यांत फार अंतर आहे. आम्ही आजही पहिल्याच पायरीवर आहोत हे कबूल करतो.

मावशी म्हणाल्या होत्या, ते ‘आले’ आहे. या शब्दाचाही हिशेब व्हायला हवा. कृत्रिम दिव्याभोवती कीटक का घुटमळतात, याचे एक कारण २०२४ साली प्रसिद्ध झाले. उडताना कित्येक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लक्षावधी वर्षे उजेड म्हणजे वरचे आकाश असा त्यांचा ठोकताळा आहे. दिवा कडेला किंवा खाली आला की तो ठोकताळा चुकतो आणि उड्डाणाला गाठ पडते. त्याच संशोधनात कण्हेरीवर वाढणारा, याच कुळातला एक पतंग असे वागत नाही असेही दिसले. म्हणून आमच्या पाहुण्याबद्दल आम्ही शपथेवर काही सांगणार नाही. पण अ‍ॅट्रोपॉसच्या अंगावर चिमुकली प्रक्षेपक यंत्रे बसवून संशोधक आल्प्सच्या बाजूने विमानातून त्यांच्या मागे गेले, तेव्हा वारा आडवा असला तरी हे पतंग आपली सरळ वाट सोडीत नाहीत असे आढळले. ते २०२२ साली छापून आले. ज्याची स्वतःची वाट इतकी पक्की, तो आमच्या आईसाठी वाट वाकडी करून कशाला येईल? त्याच्या लेखी आम्ही नव्हतोच. माणसाला हे ऐकणे अपशकुनापेक्षा जड जाते की काय, कोण जाणे.

मावशी गेल्या, मातोश्रीही पुढे पुष्कळ वर्षे जगून वार्धक्याने गेल्या. त्या दिवशी भिंतीवर काही नव्हते.

गेल्या श्रावणात मागच्या अंगणातल्या वांग्यावर नातीला एक अळी सापडली. हिरवी, कुशींवर तिरप्या रेघा, शेपटीला वाकडे शिंग. तिने हौसेने बोलावून दाखविली. पुढे ही काय होणार हे आम्हाला पाहताक्षणीच कळले, आणि हात आपोआप मागे आला. झाडाची अर्धी पाने संपली तेव्हा घरातून तक्रार झाली. चार वांगी बाजारातून आणू, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. एके दिवशी ती खाली उतरली आणि भुसभुशीत मातीत शिरली. नातीने त्या जागी एक काडी रोवली आणि विचारले, “आजोबा, बाहेर येईल तेव्हा आपल्या घरात येईल का?”

आम्ही म्हणालो, आली तर खिडकी उघडी आहे. पण पुढचे तीन आठवडे त्या बाजूच्या खोलीतला दिवा आम्ही रोज लवकर मालवीत होतो, आणि केरसुणी कोणी पडवीतून आत आणून ठेवली तर पुन्हा बाहेर नेऊन ठेवीत होतो.