पक्क्या घराचा कच्चा हिशेब

घोटीत छप्पर ही हौसेची बाब नसते. इगतपुरी तालुक्याच्या या भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. नळीची कौले दर उन्हाळ्यात शाकारावी लागतात. लोखंडी पत्रा गंजतो, तापतो, आणि श्रावणात त्याच्याखाली शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. म्हणून घरावर, गोठ्यावर, भातगिरणीवर सिमेंटचा पत्रा चढला. स्वस्त, थंड, न गंजणारा. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, हे पत्रा घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतो. तरीही घाबरून उद्याच छपरावर चढू नये. अखंड पत्र्याचा धोका कमी. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना उडणारी धूळ घातक. म्हणजे पत्रा उतरवण्याचा दिवसच सर्वांत वाईट. आपल्याकडे १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपायला सांगितले. पण आयात चालूच आहे, आणि सिमेंट पत्र्याचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या लखमापूरला आहे.

हे पत्रे काढायला सरकारने कर्ज द्यावे, ही सूचना ऐकायला बरी वाटते. पण कर्ज कोणाच्या डोक्यावर? ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक म्हणून सुटे ॲस्बेस्टॉस भरले गेले होते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिथल्या प्रादेशिक सरकारला एक अब्ज डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले. त्यातून हजारभर घरे विकत घेऊन पाडण्याची योजना आखली गेली. कर्जदार सरकार होते, घरमालक नव्हे. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकात सरकारी ग्रामसुधार मोहिमेने गवताची छपरे काढून ॲस्बेस्टॉसची घातली. २०११ पासून तेच सरकार ती उतरवायला अनुदान देते. मला हा हिशेब सरळ वाटतो. ज्याने चढवायला लावले, त्याने उतरवण्याचा खर्च सोसावा.

आपल्याकडे सरकारने काय केले? २०११ च्या जनगणनेत लोखंडी आणि ॲस्बेस्टॉस पत्रे एकाच रकान्यात मोजले. देशातली सुमारे १६ टक्के घरे त्या रकान्यात आहेत. त्यांतली ॲस्बेस्टॉसची किती, हे त्यातून कळतच नाही. वर हे छप्पर ‘पक्के’, आणि हाताने घडवलेले कौल ‘कच्चे’! ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाच्या अनुदानाखेरीज सत्तर हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे, पण योजना बेघरांसाठी आणि कच्च्या घरांसाठी. भिंती विटांच्या आणि वर सिमेंट पत्रा, असे घर पक्के ठरून बाहेर राहते. बँकेचेही चुकत नाही. विकास सोसायटी भातासाठी पीककर्ज देते, कारण भात विकून पैसा येतो. जुना पत्रा उतरवून काय येणार? तारण ठेवण्याजोगे काहीच नाही.

शिवाय उतरवलेला पत्रा जातो कुठे? घरावरून गोठ्यावर, गोठ्यावरून खुराड्यावर, आणि शेवटी तुकडे होऊन रस्त्याच्या खड्ड्यात. धोकादायक कचऱ्याची अधिकृत केंद्रे तळोजा, रांजणगाव अशा औद्योगिक वसाहतींत. दहा पत्र्यांसाठी घोटीहून तिथवर टेम्पो कोण नेणार? नुसते कर्ज दिले तर घोटी नव्या छपराचे हप्ते फेडील आणि जुने विष पाळील. म्हणून वाटणी स्पष्ट हवी: नव्या छपरासाठी कमी व्याजाचे कर्ज, आणि जुने उतरवणे, नेणे, पुरणे संपूर्ण सरकारी खर्चाने.

ग्रामसभेत ही मागणी ठरावानेच मांडा; गावातले ॲस्बेस्टॉसचे पत्रे लोखंडी पत्र्यांपासून वेगळे मोजण्यापासून सुरुवात होऊ शकते. तोवर एखादा पत्रा काढावाच लागला तर आधी पाण्याने भिजवा, कटर लावू नका, वरून खाली टाकू नका, मुलांना लांब ठेवा, आणि तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.