तलवार, दंड आणि सद्सद्विवेक

सत्तेविरुद्ध एकदा शस्त्र उचललेल्या हाती कायद्याचा दंड सोपवावा काय? ग्रीक स्वातंत्र्ययोद्धा योआनिस मक्रियान्निस (१७९७–१८६४) याच्या चरित्रात हा प्रश्न सजीव होऊन समोर येतो.

१८२१ साली ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि हा अल्पशिक्षित तरुण लढ्यात उतरला. १८२५ मध्ये लेर्ना येथे इब्राहिम पाशाच्या सैन्याला रोखताना तो जखमी झाला. पुढे अक्रोपोलिसच्या वेढ्यातही त्याने घाव सोसले. १८२८ साली राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांनी पेलोपोनीज प्रांतातील बंदोबस्ताची सूत्रे त्याच्याकडे दिली. तेथे अरगॉस मुक्कामी, १८२९ साली, जेमतेम लिहिता येणाऱ्या या माणसाने आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. युद्ध संपल्यावर उपेक्षित राहिलेल्या सैनिकांचे दुःख त्यांत वारंवार येते. ज्यांच्यासह रक्त सांडले, त्यांच्यापैकीच कुणी भुकेपोटी लुटारू झाला तर त्याला धरणे भाग. परंतु त्याची भूक नाकारणेही अशक्य!

१८३१ साली नाफ्प्लिओ येथे चर्चच्या दाराशी कापोदिस्त्रियास यांचा खून झाला. मारेकरी एका नामांकित स्वातंत्र्यसेनानीच्या घरातलेच होते. त्यांच्या मनात आप्ताच्या कैदेचा सूड होता. मक्रियान्निसलाही कापोदिस्त्रियास यांचा कारभार रुचत नव्हता. पण त्याचा मार्ग वेगळा ठरला. ३ सप्टेंबर १८४३ रोजी लोक व सैन्य राजवाड्यासमोर उभे राहिले, त्या उठावाच्या सूत्रधारांत तो होता. राजा ऑटोचे मस्तक कुणी मागितले नाही. मागितली ती राज्यघटना. १८४४ साली ती मिळाली.

येथे आपण कॅथलिकांनी थोडे थांबावे. ऑटो आपल्याच पंथाचा, तर मक्रियान्निस ऑर्थोडॉक्स. म्हणून न्यायाचे पारडे राजाकडे झुकवावे काय? मुळीच नाही. अधिकार परमेश्वराकडून येतो, असे संत पौल शिकवतात. म्हणूनच अधिकारी परमेश्वराला उत्तरदायी ठरतो. स्वहितासाठी राज्य करणारा जुलमी शासकच खरा बंडखोर, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात. मात्र प्रतिकारामुळे जुलमाहून मोठा अनर्थ ओढवू नये, अशी मर्यादाही ते घालतात. सूड ती मर्यादा ओलांडतो. घटनेची मागणी राजा आणि प्रजा या दोघांनाही एकाच नियमाखाली आणते. शिपाई म्हणून मक्रियान्निस ज्या कायद्याचे रक्षण करीत होता, तोच कायदा त्याने राजासाठीही मागितला. त्याचा योद्धा आणि त्याचा शिपाई येथे एक होतात.

या निष्ठेचे मोल त्याने चुकते केले. राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८५३ साली त्याला मृत्युदंड सुनावला गेला. शिक्षा अमलात आली नाही आणि १८५४ मध्ये तो सुटला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे: हात पूर्वी काय करीत होता याहून तो कोणापुढे नमतो, हे पाहावे. घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत, होय, ख्रिस्तसभेतही, ज्याच्या हाती अधिकार आला त्याने स्वतःला एवढेच विचारावे: जो नियम मी दुसऱ्यास लावतो, तो मजवर चालतो काय?