नको म्हणणं आणि शी म्हणणं

दुसऱ्याच्या ताटातलं न खाणं हा ज्याचा त्याचा हक्क. पण त्या ताटाकडे बघून नाक मुरडायचा हक्क कुणाला आहे का? आमच्या गावात हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. कोण काय खातो, यावरून कुणी कुठे बसायचं हे पंगतीतच ठरायचं.

मला हा प्रश्न नीट पडला तो फिलिपिन्सला. भातशेती बघायला आम्ही काही शेतकरी मित्र लॉस बान्योसला गेलो होतो. तिथे 1960 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. 1966 साली तिथून आयआर-8 हे बुटकं भात बाहेर पडलं आणि पुढे आपल्या देशातल्या खाचरांतही आलं.

संध्याकाळी एका हॉटेलात बसलो. केळीच्या पानांवर मधोमध भाताची रास, भोवती कालवणं, आणि सगळ्यांनी हातानं जेवायचं. याला ते कामायान म्हणतात. सिनिगांग हे चिंचेचं आंबट कालवण आम्हा कोकणवाल्यांना घरचंच वाटलं. आंबवलेल्या कोळंबीच्या बागोओंगचा वास आला नि अंगणात वाळणारा जवळा आठवला. मग दिनुगुआन आलं. डुकराच्या रक्तात शिजवलेलं काळपट मटण, सोबत तांदळाचे पांढरे पुतो, आपल्या इडलीसारखे.

आमच्यातला घाटावरचा मित्र एकदम "शी!" म्हणाला. जत्रेत बकऱ्याची रक्ती आवडीनं खाणारा गडी! दुसरा मित्र माळकरी. तो हात जोडून म्हणाला, "माउली, मला चालत नाही. तुम्ही सावकाश जेवा." वाढणाऱ्या बाईला मराठी कुठलं येतंय, पण तिला कळलं. तिनं हसून त्याच्यापुढे भात आणि पिकलेला आंबा सरकवला. शीसुद्धा तिला कळलं. ते भांडं तिनं गुपचूप उचलून लांब ठेवलं.

किळस खोटी नसते. ती लहानपणापासून अंगात मुरलेली असते, तिच्यावर आपला ताबा नाही. ती जिभेवर आणायची की नाही, एवढं मात्र आपल्या हातात असतं. माळकऱ्यानं आपलं व्रत राखलं आणि त्या बाईच्या अन्नाचा मानही राखला.

कुणी म्हणेल, हत्या पाप वाटत असेल तर गप्प का बसावं? बसू नये. हत्येबद्दल जरूर बोलावं, वाद घालावा. पण 'शी' हा वाद नव्हे. त्याला बकऱ्याचं रक्त चालतं, डुकराचं चालत नाही. तो बोट दाखवतो ते खाणाऱ्या माणसाकडे.

हे बोट साधं नाही. गावकुसाबाहेरच्या माणसांवर मेलेलं जनावर खायची वेळ गावानंच आणली, आणि त्याच खाण्यावरून त्यांना लांबही ठेवलं. आज माझ्या मुलाला शहरात भाड्याची खोली बघताना पहिला प्रश्न येतो, "मासे खाता का?" आपल्या चुलीवर काय शिजवायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. शेजाऱ्याच्या चुलीवर आपली सत्ता कशी?

फिलिपिन्समध्ये जेवताना कुणी आलं की "काइन तायो" म्हणतात, म्हणजे चला, जेवूया. आपल्याकडे ओटीवरून हाक येते, "या जेवायला!" त्या हाकेत 'माझंच खा' अशी सक्ती नसते. बस, एवढंच असतं. जो बसतो त्यानं भाकरी आणि कांदा खाल्ला तरी पंगत पुरी होते.