ज्याच्यावर फर्ज नाही, त्याचा हक

शरीअतचा एक नियम आपण सगळ्यांनी लहानपणी दीनियातच्या तासाला ऐकलेला असतो. नमाज, रोजा या गोष्टी ज्याच्यावर फर्ज व्हायच्या तो आकिल आणि बालिग असला पाहिजे. म्हणजे त्याला समज हवी आणि तो वयात आलेला हवा. ज्याची समज तिथवर पोहोचतच नाही तो मुकल्लफ नाही, त्याच्याकडून हिशेब नाही. या नियमात मोठी रहमत आहे, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही.

पण आपल्या मोहल्ल्यांमध्ये या नियमाला जे शेपूट जोडले गेले आहे ते मला बरीच वर्षे खटकत आले आहे. "उसपे तो कुछ फर्ज ही नहीं" असे म्हटले जाते, आणि पुढचे वाक्य कोणी बोलत नाही, पण सगळे तसेच वागतात. त्याच्यावर काही फर्ज नाही, तेव्हा त्याला काही शिकवायचेही कारण नाही. शाळेत पाठवले काय, घरी बसवले काय, सारखेच. खायला द्या, स्वच्छ ठेवा, मारू नका, झाले. प्रश्न असा आहे की, एखाद्याचा फर्ज माफ झाला म्हणजे त्याचा हकही माफ होतो काय? माझ्या मते उलट घडते. त्याच्या अंगावरचा फर्ज नाहीसा होत नाही, तो सरकून आजूबाजूच्या माणसांवर येतो. आणि तो दयेचा फर्ज नसून शिकण्याचा फर्ज आहे. आधी आपण शिकायचे, मग त्याला शिकवायचे.

मी यंत्रमागाच्या गावात उर्दू प्राथमिक शाळेत शिकवते. प्रत्येक वर्गात अशी एक-दोन मुले असतातच. कोणी सहा वर्षांचे झाले तरी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. कोणाला डाउन सिंड्रोम असतो. कोणी स्वमग्न, कोणी सेरेब्रल पाल्सीमुळे हात-पाय कडक झालेला, आणि कोणी चांगला हुशार, बोलका, पण वाचायला उभा केला की घामाघूम. या सगळ्यांना आपण एकाच टोपलीत टाकतो आणि वर "मंदबुद्धी" अशी चिठ्ठी लावतो. विकासात्मक अपंगत्व म्हणजे ताप नव्हे, की औषधाने उतरेल. मेंदूची वाढच वेगळ्या वाटेने झालेली असते आणि ती वाट जन्मभराची असते. मात्र त्या वाटेवर मूल किती पुढे जाईल हे बरेचसे सोबतच्या माणसाला काय येते यावर ठरते.

आपल्याकडे अशा माणसाला मान देण्याचीही एक परंपरा आहे, हे कबूल केले पाहिजे. मजजूब म्हणतात, पोहोचलेला म्हणतात, त्याची दुआ घेतात. चहावाला पैसे मागत नाही, दर्ग्यावर त्याला कोणी हाकलत नाही. जगात पुष्कळ ठिकाणी अशा माणसांना दगड मारले गेले, त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. तरीही हा मान स्वस्त आहे. ज्याला वली मानले त्याला शर्टाचे बटण लावायला शिकवण्याची जबाबदारी कोणावर राहत नाही. आणि मान नुसताच श्रद्धेवर उभा असला, त्याला ज्ञानाचा आधार नसला, तर काय होते ते 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडीला दिसले. दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आसऱ्यात साखळीने बांधलेले 28 जण आगीत जळून गेले. ते मनोरुग्ण होते, मी ज्या मुलांविषयी लिहिते आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. पण त्यांच्या घरच्यांनी त्यांना काही टाकून दिले नव्हते, शिफा मिळावी म्हणूनच तिथे आणले होते. मायेची कमतरता होती असे मला वाटत नाही. कमतरता दुसऱ्या गोष्टीची होती.

"सब्र करो" हा सल्ला अशा आईला जितक्या वेळा मिळतो तितक्या वेळा दुसरा कोणताही मिळत नसेल. सब्राचे मोल मी कमी करत नाही. पण सब्र म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ कोणी काढला? वुजूचेच उदाहरण घ्या. दहा वर्षांचा मुलगा वुजू करू शकत नाही, आई रोज त्याचे हात-तोंड धुऊन देते, सब्राने देते. तो वीस वर्षांचा झाला तरी ती धुऊनच देत राहील. ज्यांना या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे ते काय करतात? ते वुजूचे तुकडे पाडतात. नळ उघडणे, मनगटापर्यंत हात धुणे, चूळ भरणे, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मसह, पाय, नळ बंद करणे. आपल्याला एक वाटणारे काम हे नऊ-दहा कामांचे गाठोडे असते. मग गंमत अशी की, ते पुष्कळदा शेवटून सुरुवात करतात. आधी सगळे आपण करून द्यायचे आणि नळ बंद करणे तेवढे मुलावर सोडायचे. काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या पदरात पडतो. ते जमले की पाय धुणे आणि नळ, मग मसह, पाय आणि नळ. असे मागे मागे सरकत जायचे. भिंतीवर क्रमाने चित्रे लावायची. बोलायचे कमी. एक सूचना दिली की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचे, मध्येच दुसरी सूचना ठोकायची नाही, कारण पहिलीच अजून त्याच्या आत वाटेवर असते. यालाही सब्रच लागतो, कदाचित जास्तच लागतो. पण हा कारागिराचा सब्र झाला. या मुलावर वुजू फर्ज असो वा नसो, स्वतःच्या हाताने स्वतःचे तोंड धुण्याचा त्याचा हक कोणत्या फतव्याने रद्द होतो?

वर्गातही तेच. उर्दू लिपी ज्याने शिकवली आहे त्याला ठाऊक आहे की बे, पे, ते, टे, से ही एकच होडी आहे. फरक फक्त वरच्या-खालच्या नुक्त्यांचा, नाहीतर डोक्यावरच्या छोट्या तोयचा. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळे, मधोमध वेगळे, शेवटी वेगळे. जेर, जबर, पेश बहुतेक ठिकाणी लिहितच नाहीत, अंदाजाने वाचायचे. शिवाय उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, आणि उर्दूतलेच आकडे पुन्हा डावीकडून. ज्या मुलाच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणेच जड जाते त्याची या गर्दीत काय अवस्था होत असेल! त्याला आळशी म्हणणे सोपे. 2007 साली "तारे जमीन पर" आला तेव्हा स्टाफरूम-स्टाफरूममध्ये डोळे पुसले गेले, असे ज्येष्ठ शिक्षिका सांगतात. डोळे पुसून झाल्यावर बेचे नुक्ते कसे शिकवायचे हा प्रश्न तिथेच राहिला. पॉलिश पेपरची अक्षरे कापून त्यावरून बोट फिरवले, नुक्त्याच्या जागी मसुराचा दाणा चिकटवला, तर कित्येक मुलांना बे आणि ते वेगळे लागतात. ही युक्ती माझी नाही. खरखरीत कागदाची अक्षरे मारिया मॉन्टेसरींची. आपण ज्यांना बालवाडीच्या जनक म्हणून ओळखतो त्या मॉन्टेसरींनी 1900 च्या सुमारास रोममध्ये आधी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर काम केले, त्यातून त्यांची साधने घडली आणि 1907 मध्ये त्याच रीतीने इतर मुलांसाठी पहिले बालगृह निघाले. म्हणजे आज चांगल्या घरची मुले ज्या साधनांनी शिकतात त्यांचे पहिले विद्यार्थी हीच, फर्ज नसलेली मुले होती. त्यांचे हे कर्ज आपल्यावर आहे आणि त्याची वसुली मागायलाही ती येत नाहीत.

आता आमच्या प्रशिक्षणाविषयी. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेवर एक विषय असतो, तोही अर्धा. त्यात कायद्यांची नावे आणि साले पाठ होतात. 1995 चा कायदा, 1999 चा राष्ट्रीय न्यास, 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणि त्यातली 21 अपंगत्वे. परीक्षेत लिहून मार्क मिळतात. पण जमिनीवर लोळण घेऊन ओरडणाऱ्या मुलाजवळ उभे कसे राहायचे, हे त्या अर्ध्या विषयात बसत नाही. 2016 च्या कायद्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर प्रमाणही ठरले, की प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक. आमच्याकडे फिरत्या विशेष शिक्षिका येतात. बाई तळमळीच्या आहेत, पण अनेक शाळा त्यांच्या गळ्यात आहेत, आणि त्यांना उर्दू येत नाही. मुलाला मराठी येत नाही. चाचणीत "हे काय आहे?" असे विचारले की मूल गप्प. कागदावर लिहिले जाते की वस्तू ओळखत नाही. तीच वस्तू आईने "ये क्या है बेटा?" म्हणून दाखवली की तो हात पुढे करून "चमचा" म्हणतो. मुलाच्या भाषेत न घेतलेली परीक्षा ही मुलाची परीक्षा नसतेच. आपल्या समाजातून विशेष शिक्षणाची पदविका घेणारी मुले-मुली निघत नाहीत तोवर हे असेच चालेल. डी.एड., बी.एड.कडे आपल्या मुली रांगा लावतात, पण या शाखेचे नाव काढले की घरचे म्हणतात, "पागलों को पढ़ाएगी?"

मग तोवर काय करायचे? एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी अशा दोन ठिकाणी 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांसोबत तो झाला आणि त्याचे निष्कर्ष 2015-16 मध्ये "लॅन्सेट सायकिअॅट्री" या नियतकालिकात आले. निम्म्या मुलांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याशिवाय आणखी एक गोष्ट. ती अशी की, डॉक्टर किंवा तज्ज्ञ नसलेले, पण या कामापुरते शिकवून तयार केलेले कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा आई-वडिलांना भेटत. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रीकरण करायचे आणि मग दोघांनी मिळून ते बघायचे. उपदेश नाही. आईलाच दिसते की, "मी आता गाडी, गाडी, म्हण गाडी, असे म्हणत राहिले तेव्हा त्याने तोंड फिरवले, आणि मी गप्प बसले तेव्हा त्याने माझा हात ओढला." म्हणजे त्याच्या मागे मागे जायचे, त्याने सुरुवात केली की उत्तर द्यायचे. सहा महिन्यांनी आई-वडिलांचे मुलाच्या कलाने प्रतिसाद देणे वाढले आणि मुलांचे स्वतःहून बोलू-सांगू पाहणे वाढले. सगळेच वाढले असेही नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ उलट कमी झाला, आणि संशोधकांनी तेही छापले. मला या प्रामाणिकपणामुळेच बाकीच्यावर भरवसा वाटतो. सरहद्दीच्या अलीकडची आई आणि पलीकडची आई एकाच रीतीने शिकू शकली, यात मला वेगळा आनंद आहे, पण तो इथला विषय नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी असा अभ्यासक्रम तयार केला. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेला, मकतबच्या मौलानांना आणि मला तो एकत्र बसून शिकता येईल, इतका तो साधा आहे.

इथे मात्र मी थबकते. पालकांना शिकवा म्हटले की व्यवहारात "आईला शिकवा" होते. आणि जे शिकवता येते ते न शिकल्याचा दोषही मग तिच्याच माथी येतो. हे काल्पनिक भय नाही. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले, आणि त्यानंतर बरीच वर्षे अमेरिकेतली मोठमोठी माणसे सांगत राहिली की, आईच थंड काळजाची म्हणून मूल असे झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी हे मत फार पसरवले. बर्नार्ड रिमलंड, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून ते खोडून काढले, तोवर किती आया स्वतःला गुन्हेगार समजून जगल्या असतील! आमच्याकडे थंड काळजाऐवजी ग्रहण असते, नजर असते, "हमल में क्या खाया था?" असते. निकाल तोच. उद्या त्यात भर पडेल, "ट्रेनिंग को गई थी, फिर भी नहीं बोलता?"

म्हणून माझे म्हणणे असे की, शिकण्याचा हा फर्ज वाटून घ्यायचा असेल तर क्रम ठरला पाहिजे. आधी ज्यांना पगार मिळतो ते, म्हणजे आम्ही शिक्षक. मग वडील. कारखान्याची पाळी बारा तासांची असते हे मला कळते, पण नळ बंद करायला शिकवणे हे जुम्म्याच्या सुट्टीतही होते. मग दादी, फूफी, मकतबचे उस्ताद, शाळेत नेणारा रिक्षावाला. आई शेवटी, कारण ती आधीच अर्धे शिकलेली असते, कोणी न शिकवता. शाळेची घंटा झाली की एक मुलगा कान दाबून बाकाखाली शिरत असे. घरात चोवीस तास मागांचा खडखडाट, तिथे तो शांत झोपतो, मग घंटेलाच का घाबरतो, हे आम्हाला समजेना. त्याची आई म्हणाली, "मिस, करघा तो बताके बजता है, घंटी बिना बताए." तेव्हापासून घंटेआधी कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावून सांगते.

त्याला एक धाकटी बहीण आहे, त्याच शाळेत दुसरीत. तिला कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नाही. तो अडकला की ती थांबते, त्याच्याकडे न बघता दप्तराच्या पट्ट्याशी खेळत राहते आणि त्याचा शब्द येईपर्यंत मध्ये बोलत नाही. शिक्षिका तिचे कौतुक करतात, मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात की, मोठी झाल्यावर भावाला हीच सांभाळेल. आई-वडिलांनंतर अशा मुलांचा पालक कोण हे ठरवण्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात जिल्हावार समित्या आहेत, पण आमच्या गल्लीत ते आत्ताच ठरून गेले आहे. तिचे वय आठ वर्षे. तिला अजून कोणी विचारलेले नाही.